‘बंद’ म्हणजे नक्की काय बंद?

वाचकाचे पत्र

रत्नागिरीजवळच्या आमच्या कारखान्यात हापूसचा पल्प काढून डब्यांत भरतात. मी मेंटेनन्स पाहतो. लाइनवर तीन टच-पॅनेल आहेत: आंबा धुण्यापासून पल्परपर्यंत एक, पल्प तापवणारा प्रीहीटर आणि त्यातली हवा काढणारा डीएरेटर यांचे दुसरे, सीआयपीचे (यंत्रे न खोलता आतून धुण्याच्या व्यवस्थेचे) तिसरे. तिन्ही वेगवेगळ्या वर्षी, दोन वेगळ्या कंत्राटदारांनी केलेली. एकावर ‘थांबा’, दुसऱ्यावर ‘बंद’, तिसऱ्यावर ‘स्टॉप’. यंदा मे महिन्यात फीड पंप थांबवून लाइन होल्डवर ठेवली होती. प्रीहीटरच्या स्टीम व्हॉल्वशेजारी ‘बंद’ दिसत होते, म्हणून हंगामी ऑपरेटर निर्धास्त राहिला. व्हॉल्व उघडाच होता. ते ‘बंद’ म्हणजे बटण होते. नळ्यांतला पल्प करपला, शिवाय दोन दिवस साफसफाईत गेले. मालक म्हणतात, पावसाळ्यात सगळे शब्द एकसारखे करून घ्या. मॅनेजर म्हणतात, मराठीची कटकट नको, सगळे इंग्रजीत करा. एखादा तयार शब्दकोश सुचवाल का?

उत्तर

नमस्कार. कोशाचे नंतर पाहू. आधी ते बटण, कारण तुमचा पल्प शब्दाच्या निवडीने करपला नाही. ‘बंद’ ऐवजी तिथे दुसरा कितीही शुद्ध शब्द असता तरी तेच झाले असते. एकाच चौकोनात कधी व्हॉल्वची स्थिती लिहायची आणि कधी त्याला द्यायचा आदेश, हा खरा दोष. व्हॉल्व उघडा असताना बटणावर ‘बंद’ लिहिणाऱ्याच्या मनात होते ‘हे दाबल्यावर बंद होईल’. वाचणाऱ्याने घेतले ‘बंद आहे’. दोघेही आपापल्या जागी बरोबर.

म्हणून पहिले काम हे. प्रत्येक व्हॉल्वला आणि मोटरला दोन स्वतंत्र जागा द्या. स्थिती साध्या मजकुरात, कडा नसलेली, दाबता न येणारी. आदेश बटणांत, आणि तेही एक पलटणारे बटण नव्हे, दोन बटणे. जागा पुरत नसेल तर बटणे उपखिडकीत जाऊ द्या. स्थिती मात्र मुख्य स्क्रीनवरच राहिली पाहिजे.

स्थितीचा मजकूर कुठून येतो तेही तपासा. पुष्कळ प्रकल्पांत पीएलसीच्या (यंत्रे चालवणाऱ्या छोट्या संगणकाच्या) आउटपुट बिटावरून ‘बंद’ लिहिले जाते. म्हणजे स्क्रीन आपलाच आदेश आपल्याला परत वाचून दाखवते. व्हॉल्वच्या अंगात काय झाले त्याचा पत्ता नसतो. व्हॉल्वला दोन लिमिट स्विच (एक पूर्ण उघडल्यावर लागणारा, एक पूर्ण बंद झाल्यावर) असतील तर चार मजकूर लागतात: ‘खुला’, ‘बंद’, दोन्ही स्विच लागलेले नसताना ‘हलतोय’, आणि दोन्ही एकदम लागले तर ‘फीडबॅक चूक’. लिमिट स्विच नसलेल्या व्हॉल्वपुढे ‘बंद’ लिहूच नका, ‘आदेश: बंद’ लिहा. तुमचा स्टीमचा व्हॉल्व बहुधा मॉड्युलेटिंग, म्हणजे हवा तेवढाच उघडणारा, असेल, तर त्याला शब्दापेक्षा आकडा बरा: ‘४० टक्के खुला’. टक्के नेहमी खुलेपणाचेच दाखवा. हवा गेल्यावर उघडणाऱ्या व्हॉल्वला कंट्रोलरचे आउटपुट उलटे जाते. तोच आकडा जसाच्या तसा स्क्रीनवर आणला की शंभर म्हणजे पूर्ण बंद, असा गोंधळ होतो.

आता मॅनेजरसाहेबांच्या मुद्द्याकडे. इंग्रजीत गेल्याने हे दुखणे बरे होत नाही. ‘ओपन’ तिथेही क्रियापद आणि विशेषण दोन्ही आहे. शिवाय ब्रेकर ‘क्लोज’ म्हणजे वीज चालू आणि व्हॉल्व ‘क्लोज’ म्हणजे प्रवाह बंद, हा जुना घोळ तिथे आहेच. भाषा बदलून फक्त दोन महिन्यांसाठी आलेल्या माणसाचा वाचण्याचा वेग कमी होईल.

मराठीचे स्वतःचे सापळे मात्र आहेत, आणि ते कंत्राटदाराला कोणी सांगत नाही.

‘बंद’ हा त्यांतला मुख्य. पंप बंद म्हणजे फिरत नाही. व्हॉल्व बंद म्हणजे पुढे जाऊ देत नाही. स्विच बंद म्हणजे वीज नाही. पण इलेक्ट्रिशियनने इंग्रजी ड्रॉइंगवरून शब्दशः लिहिले तर बंद संपर्क म्हणजे वीज आहे. आमचा सल्ला असा: स्क्रीनवर ‘बंद’ फक्त व्हॉल्व, डँपर आणि झाकणे यांना ठेवा. पंप, मोटर, कन्व्हेअर ‘थांबलेले’ असतात. ब्रेकरला ‘ऑन’, ‘ऑफ’, ‘ट्रिप’. एनओ-एनसी (एरवी उघड्या आणि एरवी जोडलेल्या) संपर्कांची नावे भाषांतरित करायला जाऊ नका. लोक बोलताना ‘पंप बंद हाय’ म्हणतच राहतील, म्हणू देत. बोलण्यात समोर पंप असतो, हात असतो, आवाज असतो. स्क्रीनवर नुसता शब्द असतो.

‘उघडा’ हा दुसरा, आणि तो जास्त कावेबाज. ‘व्हॉल्व उघडा’ हा आदेशही आहे आणि ‘व्हॉल्व उघडा आहे’चे तोंडही आहे, व्हॉल्व पुल्लिंगी असल्याने दोन्ही रूपे अक्षरशः एक होतात. म्हणून आदेशाला ‘उघडा’ आणि स्थितीला ‘खुला’ अशी फाळणी करा. तशीच ‘बंद करा’ आणि ‘बंद’. आदेशात क्रियापद हवेच, आणि सगळीकडे ‘करा’ याच रूपात. एकीकडे ‘सुरू करणे’, दुसरीकडे ‘सुरू कर’, तिसरीकडे ‘सुरू’ असे नको.

‘चालू’ फिरणाऱ्या यंत्रांसाठी राखून ठेवा. ‘चालू बॅच’, ‘चालू रेसिपी’, ‘चालू अलार्म’ इथे त्याचा अर्थ ‘आत्ताचा’ असा होतो. तिथे ‘सध्याची बॅच’ लिहा. सुरुवातीच्या आदेशाला ‘सुरू करा’, चाललेल्या स्थितीला ‘चालू’, हे दोन शब्द एकमेकांच्या जागी जाऊ देऊ नका.

‘दाब’ सोडून द्या, ‘प्रेशर’ लिहा. टच-स्क्रीनवर ‘दाब ३’ असे दिसले की माणूस तीनचे बटण शोधतो. आणि सीआयपीच्या पॅनेलवर ‘सोडा’ कुठे कुठे आहे ते शोधा. पाणी सोडा, ॲसिड सोडा आणि कॉस्टिक सोडा अशी तीन माणसे एका नावाने वावरत असतील. रसायनाला ‘कॉस्टिक’ म्हणा, क्रियेला ‘पाणी भरा’, ‘ड्रेन करा’.

मोजमापांत दोन ठिकाणी मराठी करण्याचा मोह टाळा. ‘ब्रिक्स’ला ‘साखर’ म्हणू नका. ब्रिक्स दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर विरघळलेला सगळा घन भाग मोजतो, एकटी साखर नव्हे. आणि ‘पीएच’ला ‘आंबटपणा’ म्हणणे तर धोक्याचे आहे, कारण दोन्ही उलट दिशांनी चालतात. पीएच वाढला की आंबटपणा घटतो. डबाबंद मालात ४.६ च्या वरचा पीएच ही काळजीची बाजू आहे. ‘आंबटपणा जास्त’ असा अलार्म वाचून ऑपरेटर नेमके उलटे करील.

थांबवण्याच्या शब्दांची गर्दी तुमच्या पत्रात दिसतेच, पण तिथे शब्द कमी करून भागणार नाही, कारण क्रियाच वेगवेगळ्या आहेत. बॅच नियंत्रणाच्या आयएसए-८८ या मानकात होल्ड, स्टॉप आणि ॲबॉर्ट या तीन निराळ्या गोष्टी आहेत. होल्ड म्हणजे सुरक्षित जागी थांबून पुढे चालू ठेवता येईल असे राहणे. स्टॉप म्हणजे ठरलेल्या क्रमाने नीट संपवणे. ॲबॉर्ट म्हणजे क्रम न पाहता तोडणे. तुमच्याकडे ‘होल्डवर ठेव’ असे बोलतातच, तर ‘होल्ड करा’ ठेवा. दुसऱ्याला ‘थांबवा’. तिसऱ्याला ‘रद्द करा’ देऊ नका, कारण उपखिडकीतल्या ‘कॅन्सल’लाही सगळे ‘रद्द करा’च लिहितात. ‘बॅच रद्द करायची का?’ या प्रश्नाखाली ‘ठीक’ आणि ‘रद्द करा’ अशी दोन बटणे असली तर कोणते दाबायचे? लिहा: ‘बॅच तोडा’ आणि ‘मागे जा’. बटणावर होय-नाही नको, क्रिया हवी.

जाता जाता, होल्ड म्हणजे तुमच्या प्रीहीटरवर नेमके काय, हे पीएलसीच्या प्रोग्रॅममध्येही लिहिलेले हवे. फीड पंप थांबला की स्टीम आपोआप तोडणारा इंटरलॉक असता तर हे पत्र आले नसते. शब्द सुधारणे त्याला पर्याय नाही.

इमर्जन्सी स्टॉपला ‘आणीबाणी थांबा’ कुठेकुठे दिसते. आणीबाणी म्हटले की वयस्करांना १९७५ आठवते. ‘इमर्जन्सी’ कोणालाही सांगावे लागत नाही. तो स्टॉप स्क्रीनवरचा नसतोच म्हणा. पिवळ्या पार्श्वभूमीवरचे लाल मशरूम बटण आणि त्याची तारेने जोडलेली सर्किट हाच खरा. स्क्रीनवर फक्त तो दाबला गेला आहे एवढे दाखवायचे.

‘रीसेट’ मात्र आहे तसाच ठेवा. आम्हाला ‘पुन्हा सुरू करा’ असे भाषांतर अनेक पॅनेलवर दिसते आणि ते चूक आहे, नुसते भाषेने नव्हे. इमर्जन्सी स्टॉप सोडवल्याने किंवा रीसेट केल्याने यंत्र आपोआप फिरू लागता कामा नये, असे आयएसओ १३८५० आणि आयईसी ६०२०४-१ दोन्ही सांगतात. रीसेटने फक्त सुरू करण्याची मुभा परत मिळते. ‘पुन्हा सुरू करा’ वाचून कोणी पल्परमध्ये हात असलेल्या माणसाकडे न पाहता बटण दाबायला नको, आणि दाबल्यावर काही झाले नाही म्हणून चार वेळा दाबायलाही नको.

अलार्मच्या शब्दांत एक निकष पुरतो: ऑपरेटरने वेळेत काही करायचे असेल तरच ‘अलार्म’. आयएसए-१८.२ ची व्याख्याही तशीच आहे. काही करायचे नसेल तर ती ‘नोंद’. यंत्राने स्वतःला वाचवण्यासाठी थांबवून घेतले तर ‘ट्रिप’. सुरू व्हायला एखादी अट अडवत असेल तर ‘इंटरलॉक’, आणि त्यापुढे कोणती अट तेही लिहा. ‘फॉल्ट’ हा शब्द या चारांत कुठेही बसत असल्यामुळे काढूनच टाका. ‘ॲक्नॉलेज’ला ‘मान्य’ किंवा ‘स्वीकारा’ लिहितात. ऑपरेटर काही मान्य करत नसतो, आपण पाहिले एवढेच सांगत असतो. ‘दखल घ्या’ चालते.

मजकुराची रचना एकाच साच्यात ठेवा: साधन, मग काय, मग कोणत्या बाजूला. ‘टाकी २ : लेव्हल : अति जास्त’. मराठीत हा साचा जास्तच महत्त्वाचा, कारण सॉफ्टवेअर तुकडे जोडून वाक्य बनवते आणि आपल्याकडे लिंग आणि विभक्ती आडव्या येतात. पंप थांबला, मोटर थांबली, यंत्र थांबले. टाकी पण टाकीत, पंप पण पंपाचा. कोलनने तोडलेल्या साच्यात विभक्ती लागतच नाही. लिंगासाठी ‘चालू’, ‘बंद’, ‘ट्रिप’ हे न बदलणारे शब्द सोयीचे. ‘थांबलेला’साठी टेक्स्ट-लिस्टच्या (पॅनेलमधल्या मजकुरांच्या यादीच्या) तीन प्रती करा, ला-ली-ले, आणि प्रत्येक साधनाला त्याची यादी जोडा. कंटाळवाणे आहे, अर्ध्या दिवसाचे काम आहे. ‘मोटर थांबला’ वाचून लोक हसतात, आणि मग बाकी स्क्रीनवरही त्यांचा विश्वास राहत नाही.

तयार कोशाबद्दल. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश संदर्भाला जवळ असू द्या, पण स्क्रीनवर जसेच्या तसे उतरवू नका. ‘स्वयंचलित’ आणि ‘हस्तचलित’ चुकीचे नाहीत. पण पॅनेलच्या सिलेक्टर स्विचवर ‘ऑटो’ आणि ‘मॅन्युअल’ कोरलेले असते, आणि स्क्रीनवरचा शब्द धातूवर कोरलेल्या शब्दाशी जुळलाच पाहिजे. शब्द निवडताना आमचा क्रम असा: आधी यंत्रावर काय कोरले आहे, मग पाळीतली माणसे काय म्हणतात, कोश सगळ्यांत शेवटी. ‘लोकल-रिमोट’ला मात्र आम्ही ‘जागेवरून’ आणि ‘स्क्रीनवरून’ पसंत करतो. रिमोट म्हटले की टीव्ही आठवतो.

याच क्रमाने, आंब्यातली कोय काढणाऱ्या डिस्टोनरखाली ‘कोय’ लिहू नका. देशावरच्या कंत्राटदाराला तीच सुचणार, पण तुमच्या माणसांना ‘बाठा’ कळतो. ‘बाठा कन्व्हेअर’ लिहा. पल्प गाळणाऱ्या फिनिशरची ‘चाळणी’, आणि मालाला ‘पल्प’ किंवा ‘रस’ यांतले एकच.

उपकरणांचे टॅग, म्हणजे ओळख-क्रमांक, भाषांतरित होत नाहीत. पी-१०२ हा ड्रॉइंगवर, पत्र्याच्या पट्टीवर आणि स्क्रीनवर त्याच इंग्रजी लिपीत तसाच राहतो. पीएलसीतली टॅगची नावेही बदलू नका. स्क्रिप्ट आणि नोंदी त्या नावांवर टांगलेल्या असतात. बदलायचा तो फक्त दिसणारा मजकूर. आकडेही इंग्रजीच ठेवा, कारण गेजच्या डायलवर आणि पॅनेलच्या कीपॅडवर तेच आहेत.

रंगांची एक खोच लक्षात असू द्या. आपल्याकडच्या विद्युत पॅनेलवर ब्रेकर ‘ऑन’ला लाल दिवा आणि ‘ऑफ’ला हिरवा अशी जुनी रीत आहे, प्रोसेसच्या स्क्रीनवर हिरवा म्हणजे चालू. एकाच खोलीत दोन्ही असतील तर नुसत्या रंगावर स्थिती सोडू नका, शब्द सोबत हवाच.

लिपीचे तांत्रिक काम कमी लेखू नका. जुन्या पॅनेलमध्ये जोडाक्षरे जुळवणारे इंजिन नसते. तिथे ‘स्थिती’चा पाय मोडलेला स, मग थ, मग भलत्याच जागी वेलांटी असे दिसते. लॅपटॉपवरच्या सिम्युलेटरमध्ये सगळे सुंदर दिसेल, कारण तो विंडोजचा फॉन्ट उसना घेतो. चाचणी खऱ्या पॅनेलवरच करा, आणि एकाच ओळीने: ‘दुसऱ्या टाळ्याची स्थिती, ॲसिड व्हॉल्व ट्रिप’. यात रफार सोडून बहुतेक अडचणीची अक्षरे येतात. त्यासाठी ‘अलार्म’ जोडा. इंग्रजीला १४ पॉइंट पुरत असतील तर देवनागरीला १८ घेऊन पाहा. वर-खाली मात्रा असल्याने मधले अक्षर बारीक होते. पीएलसीमधून मजकूर पाठवत असाल तर साधा स्ट्रिंग प्रकार चालणार नाही, इंग्रजीपलीकडची चिन्हे मावणारा डब्ल्यूस्ट्रिंग लागेल. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट खाते. ‘व्हॉल्व’ दिसायला छोटा, पण त्यात ७ चिन्हे आणि २१ बाइट आहेत. अलार्मचा मजकूर मध्येच तुटतो तो बहुधा यामुळे.

‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ दोन-दोन प्रकारे टाइप होतात. डोळ्यांना एकच दिसतात, संगणकाला नाही. एका कंत्राटदाराने एका प्रकारे आणि दुसऱ्याने दुसऱ्या प्रकारे लिहिले की ‘ॲसिड’ गाळून काढलेल्या अलार्म यादीत निम्मे अलार्म येत नाहीत. यादीत एकदा लिहायचे आणि पुढे फक्त कॉपी करायचे, पुन्हा टाइप नाही.

कामाचा क्रम असा धरा. जूनमध्ये तिन्ही पॅनेलच्या टेक्स्ट-लिस्ट एक्सेलमध्ये काढा. रकाने सहा पुरेत: टॅग, स्क्रीन, आजचा मजकूर, प्रकार, नवा मजकूर, कोणी ठरवले. ‘प्रकार’ हा रकाना सर्वांत महत्त्वाचा; त्यात आदेश, स्थिती, अलार्म, नाव किंवा सूचना यांपैकी एकच. आधी तो भरा, शब्दांना नंतर हात लावा. मग आजच्या मजकुरावर क्रम लावा. एकच शब्द दोन प्रकारांत दिसला तर तिथे अपघात दडलेला आहे. एकाच प्रकारात एका गोष्टीला तीन शब्द दिसले तर तो नुसता गबाळेपणा. पहिल्या जातीची दुरुस्ती आधी.

बदल तिन्ही पॅनेलवर एकाच दिवशी चढवा, आणि बॅकअप घेऊन. तारीख लॉगबुकात लिहा. जुन्या अलार्म नोंदी जुन्याच शब्दांत राहतील, आणि निर्यातीच्या ऑडिटला त्या वाचून दाखवाव्या लागतात. एसओपी (कामाच्या लेखी पद्धती), लॉगबुकाचे छापील रकाने आणि भिंतीवरचे फलकही त्याच आठवड्यात बदला, नाहीतर माणूस भिंतीवर एक शब्द वाचतो आणि स्क्रीनवर त्याला दुसराच दिसतो. यादी पुढच्या प्रत्येक खरेदी ऑर्डरला परिशिष्ट म्हणून जोडा: यादीत नसलेला शब्द तुमच्या सहीशिवाय स्क्रीनवर येणार नाही.

मार्चमध्ये पाण्यावरची ट्रायल घ्याल तेव्हा हंगामी माणसांना पॅनेलपुढे एकेकटे बोलवा. काही समजावून सांगू नका. दोनच प्रश्न विचारा: हा व्हॉल्व आत्ता कसा आहे, आणि हे बटण दाबले तर काय होईल? दहांतला एकजण जरी चुकला तरी त्याला शिकवत बसू नका, शब्द बदला. अडखळून बरोबर सांगितले तर तेही चुकण्यात धरा. मे महिन्यात, गाडी दारात उभी असताना, अडखळायला वेळ नसतो.